मदत हवी आहे: नाकाचं चाक लॉक झालं नाही तर इंजिन कधी बंद करायचं?

नमस्कार. मी पार्ल्याचा, वैमानिकाचं प्रशिक्षण घेतोय. गेल्या आठवड्यात पायपर ॲरोची (चाकं आत-बाहेर होणारं छोटं विमान) चाकं खाली घेतली, तर चाक लॉक झाल्याचे ३ पैकी २ च हिरवे दिवे लागले. नाकाच्या चाकाचा नाही. नॅव्हिगेशन लाइट (पंख-शेपटीवरचे दिवे) चालू असले की आमच्या विमानात हे हिरवे दिवे मंद होतात, म्हणून ते चालू तर नाहीत ना, हे पाहिलं. बल्बही अदलाबदल केला. शेवटी आपत्कालीन लिव्हरने हायड्रॉलिक दाब सोडला, चाक स्वतःच्या वजनाने उतरलं आणि दिवा लागला. आठवलं की अजून हात गार पडतात.

पण लागलाच नसता तर? एक सर म्हणतात, धावपट्टी नक्की मिळतेय दिसलं की मिक्स्चर (इंजिनाचं इंधन) बंद कर, म्हणजे नाक जमिनीला टेकलं तरी प्रोपेलर-इंजिन वाचेल. दुसरे म्हणतात, मुख्य चाकं टेकेपर्यंत बंद नको. मला दुसरं पटतं. इंजिन नवं बसवता येतं. जुहूहून उडणाऱ्या अनुभवी मंडळींनी कृपया सांगावं, तुम्ही नेमकं काय केलंत?