बूस्टरला दोन अँटेना एकत्र जोडले तर?

कौलारू:
देवरुखजवळ घर आहे. जांभ्याच्या दीड फुटी भिंती. गच्चीवर फोन -९६ डीबीएम दाखवतो (सिग्नलची ताकद; शून्यापासून जितकं दूर तितका सिग्नल कमी), माजघरात -११८, म्हणजे बोलणं तुटतच. बाबांचं सिम एका कंपनीचं, माझं दुसऱ्या. टॉवर दोन वेगळ्या दिशांना. ऑनलाइन मिळणाऱ्या बूस्टरला (बाहेरचा सिग्नल वाढवून घरात सोडणारं यंत्र) बाहेरून एकच यागी अँटेना (काड्याकाड्यांचा, एकाच दिशेला रोखायचा) लागतो. टीव्हीचा स्प्लिटर (एका केबलच्या दोन करणारी डबी) उलटा लावून दोन यागी जोडले तर दोघांची सोय होईल? आमचा केबलवाला म्हणतो, दोन अँटेना म्हणजे डबल रेंज.

डेसिबलकाका:
केबलवाल्याला चहा पाजा, पण ऐकू नका. टॉवरच्या कामात हयात गेली माझी, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

स्प्लिटर उलटा लावला की प्रत्येक अँटेनाचा निम्मा सिग्नल त्यातच जिरतो. दोन्ही सिमना ३ डेसिबलचा फटका, वर जोडणीचा थोडा वेगळा. तुमच्या फोनकडून टॉवरकडे जाणारी ताकदही दोन दिशांना वाटली जाते, आणि कमी रेंजमध्ये पहिली बोंब तिथेच असते.

दोन्ही यागी एकाच टॉवरकडे रोखले, तरी हिशोब बघा. सगळं जुळलं तर फार तर ३ डेसिबल वाढतात. ९०० मेगाहर्ट्झची लहर हवेत ३३ सेंटिमीटरची, केबलमध्ये त्याहून आखूड. एक केबल दुसरीपेक्षा दहा-पंधरा सेंटिमीटर लांब झाली की दोन सिग्नल एकमेकांना मारतात. त्यापेक्षा केबल बघा. पातळ आरजी-५८ दहा मीटरमध्ये साडेचार-पाच डेसिबल खाते, जाड एलएमआर-४०० सव्वा-दीड. नुसती केबल बदलून दुसऱ्या अँटेनापेक्षा जास्त पदरात पडतं!

एक टॉवर ९०० वर आणि दुसरा १८०० वर असेल तर डायप्लेक्सरने (दोन वेगळ्या फ्रिक्वेन्सी एका केबलवर आणणारी डबी) जोडता येतात, नुकसान नगण्य. पण मुळात बूस्टर घेतलाय का अजून?

रानवाट:
घेतला नसेल तर घेऊ नका. आपल्याकडे परवानाधारक कंपन्यांखेरीज कुणी बूस्टर बाळगणं, विकणं, वापरणं बेकायदेशीर आहे. दूरसंचार विभागाने २०२२ मध्ये तसं स्पष्ट सांगितलंय. ऑनलाइन मिळतो म्हणजे चालतो असं नाही.

कौलारू:
अरे बापरे! कार्टमध्येच आहे, काढतो. पण घरात एक बूस्टर लावला तर बिघडतं कुणाचं?

डेसिबलकाका:
आख्ख्या गावाचं. बाहेरचा आणि आतला अँटेना एकमेकांना ऐकू लागले की माइक-स्पीकरसारखी शिट्टी सुरू होते, फक्त ती टॉवरच्या कानात वाजते.

तुमचा दोन अँटेनांचा हट्ट मात्र पुरवता येईल. बाहेरच्या अँटेनासाठी दोन सॉकेट असलेला फोर-जी राउटर घ्या. दोन यागी एकाच टॉवरकडे, एक ४५ अंश डावीकडे कललेला, दुसरा उजवीकडे. प्रत्येकाची केबल स्वतंत्र, मध्ये स्प्लिटर नाही. राउटर दोन्ही वेगळे ऐकतो आणि जुळवणी आत स्वतः करतो. गच्चीवर ज्या कंपनीची रेंज बरी, तिचं सिम त्यात घाला. मग दोघांच्या फोनमध्ये वायफाय कॉलिंग (टॉवरऐवजी घरच्या वायफायवरून कॉल) सुरू करा. बाबांची कंपनी वेगळी असली तरी चालतं. फोन मात्र ती सोय असलेला हवा.

कौलारू:
हे जमेल काका. एकच शंका. इथे वानरं फार, डिशची छत्रीसुद्धा ठेवत नाहीत. यागी टिकेल?

डेसिबलकाका:
छे, आठवडाभरात काड्या वाकवतील. चपटा पॅनेल अँटेना घ्या. दोन्ही अँटेना एकाच डब्यात असतात, मागून दोन केबली निघतात. टॉवरकडच्या भिंतीला पागोळीखाली ठोका, लोंबकळायला काही उरत नाही.