मदत हवी आहे : गिऱ्हाइकांच्या खरेदीची यादी तोंडी मागणीवर द्यावी का?

नमस्कार. म्हापशात आमचे औषधांचे दुकान असून बिलाच्या संगणकात गिऱ्हाइकांचे मोबाइल क्रमांक आणि त्यांनी नेलेली औषधे, अगदी मनोविकाराच्या गोळ्यांपासून गर्भनिरोधकांपर्यंत, नोंदलेली आहेत. गेल्या आठवड्यात एका सरकारी कर्मचाऱ्याने कोणतेही पत्र न देता ती सगळी यादी पेनड्राइव्हवर मागितली. औषध निरीक्षकाचा तपासणीचा अधिकार मला मान्य आहे, पण हे गृहस्थ त्या खात्याचे नव्हते. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, २०२३ च्या कलम ९४ नुसार न्यायालय किंवा पोलीस ठाण्याचा प्रभारी अधिकारी लेखी आदेशाने कागदपत्रे मागवू शकतो. मग अशा तोंडी मागणीला नकार कळवताना सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ च्या खाजगीपणाविषयीच्या निकालाचा आधार पत्रात कसा मांडावा? विश्वासाने येणाऱ्या माणसांची ही माहिती आहे, म्हणून जाणकारांनी कृपया लवकर सांगावे.