नमकीन युनिटसाठी ‘५० टक्के ग्रीन सब्सिडी’ खरंच असते का? (इंदूर)

सांवेररोडवाला
नमस्कार मंडळी. आमचं सांवेर रोडला शेव-मिक्श्चरचं छोटं युनिट आहे, मी आणि मोठा दादा मिळून बघतो. भट्ट्या अजून लाकडाच्याच, धुरानं कारागीर वैतागतात आणि शेजारचेही तक्रार करून राहिले. तर आता पीएनजीवर (पाइपनं येणाऱ्या गॅसवर) चालणारा कंटिन्युअस फ्रायर आणि छतावर ३० किलोवॅट सोलर असं दोन्ही एकदम करायचं मनात आहे, कोटेशन सगळं मिळून ३८ लाखांचं आलंय. त्यात एक एजंट येऊन गेला, म्हणे केंद्र सरकारची ग्रीन सब्सिडी आहे, ५० टक्के पैसे परत, फाइल तो करणार, फी प्रोजेक्टच्या ८ टक्के आणि त्यातली अर्धी आधीच द्यायची. वर म्हणतो मशीन आत्ताच बुक करा, सब्सिडी मागून येत राहते. दादा म्हणतो निम्मे पैसे परत येणार असतील तर ८ टक्क्यांचं काय घेऊन बसलास. मला काही ते पटेना. आमच्या काकांची देपालपूरला बटाट्याची शेती आहे, त्यांनाही त्यानं फुकट सोलर पंपाचं गाजर दाखवलंय. कुणी या वाटेनं गेलंय का? नेमकी कोणती स्कीम आहे ही?

रामबागचा_हिशेबनीस
आधी त्याला एक पैसा देऊ नका आणि मशीन बुक करू नका, मग बाकीचं वाचा.

‘ग्रीन सब्सिडी’ अशी एकच एक स्कीम नाहीये. वेगवेगळ्या आहेत, प्रत्येकीचं मंत्रालय वेगळं, आणि बऱ्याच स्कीममध्ये हातात रोख काही येत नाही, फक्त कर्जावरचं व्याज कमी होतं. तुम्हाला लागू होईल अशी एक म्हणजे एमएसई-गिफ्ट, सूक्ष्म आणि लघु उद्योगांसाठी, सिडबी या लघु उद्योगांच्या सरकारी बँकेमार्फत चालते, २ कोटींपर्यंतच्या कर्जावर ५ वर्षं २ टक्के व्याज सवलत. आता हिशेब करा. समजा ३० लाखांचं कर्ज काढलं तर पहिल्या वर्षी साधारण ६० हजार वाचतील, मग मुद्दल उतरत जाईल तशी सवलतही उतरणार, म्हणजे पाच वर्षांत सगळे मिळून दीड लाखाच्या आसपास. आणि एजंटची फी ३८ लाखांवर ८ टक्के म्हणजे ३ लाख ४ हजार. सरकार देणार त्याच्या दुप्पट हा घेऊन जाणार!

सब्सिडी म्हणावी अशी तुम्हाला पीएमएफएमई मध्ये आहे, छोट्या खाद्य प्रक्रिया युनिटांसाठी आहे ती, ३५ टक्के, पण कमाल १० लाख. म्हणजे ३८ लाखांचे ३५ टक्के जरी १३ लाखांवर गेले तरी १० च्या पुढे नाही. तीही कर्जाला जोडलेली, स्वतःच्या पैशानं मशीन आणलं तर काही मिळत नाही, म्हणून तर ‘आत्ताच बुक करा’ ऐकून मला राग आला. आणि मिळाली तरी ती रक्कम बँकेत वेगळी ठेवतात, ३ वर्षं युनिट चालू राहिलं आणि हप्ते थकले नाहीत तरच कर्जात वळती होते. याला ‘पैसे परत’ म्हणायचं तर म्हणा.

अजून एक, सीएलसीएसएस नावाची १५ टक्क्यांची जुनी स्कीम होती, ती सर्वसाधारण गटासाठी ३१ मार्च २०२० ला बंद झाली, पण तिची पत्रकं अजून व्हॉट्सॲपवर फिरतात. एजंटच्या कागदावर ते नाव दिसलं तर सरळ चहा पाजून रवाना करा.

सोलरचं वेगळं बघा. पीएम सूर्यघर, ज्यात ७८ हजारांपर्यंत मिळतात, ती घरांसाठी आहे, फॅक्टरीच्या छताला नाही. तुमचा फायदा घसाऱ्यात आहे, म्हणजे मशीनच्या किमतीचा जो भाग दरवर्षी नफ्यातून खर्च म्हणून वजा करता येतो त्यात, सोलरवर तो ४० टक्के. सोलरचा भाग समजा १४ लाखांचा असेल तर पहिल्याच वर्षी ५ लाख ६० हजार खर्ची पडतात, पार्टनरशिप फर्म असाल तर ३० टक्क्यांनी १ लाख ६८ हजारांचा टॅक्स वाचला, याला ना एजंट लागतो ना अर्ज. फक्त सिस्टीम सप्टेंबर संपायच्या आत चालू करा, १८० दिवसांपेक्षा कमी वापर झाला तर त्या वर्षी घसारा निम्माच मिळतो. आणि ज्या मशीनवर भांडवली सब्सिडी घ्याल तिच्या किमतीतून ती वजा होऊनच घसारा धरतात, दोन्हीकडून नाही मिळत.

पालदावाला_भिया
हिशेबनीस साहेबांनी सगळं बरोबर सांगितलं पण मी तर म्हणतो स्कीमच्या मागे लागूच नका. आमची दालमिल आहे पालद्याला. सब्सिडीचं नाव काढलं की कोटेशन फुगतं हे मी डोळ्यानं बघितलंय, तीच मशीन, तोच डीलर, ‘सब्सिडीवाली पाहिजे’ म्हटलं की भाव चढला. तुम्ही दोन वेगवेगळ्या लोकांकडून कोटेशन घ्या, एकाला सब्सिडीबद्दल अक्षर बोलू नका, फरक स्वतः बघा. आम्ही जुन्या, चार-चार वेळा रिवाइंड केलेल्या मोटरी काढून आयई३ (कमी वीज खाणाऱ्या) बसवल्या, सरकारचा एक रुपया नाही, लाइट बिलातून वसूल. सब्सिडीशिवाय जे परवडत नाही ते सब्सिडीनंही परवडत नाही भिया, फक्त कळायला तीन वर्षं उशीर लागतो.

ऑडिटवाली
मी एनर्जी ऑडिटच करते म्हणून जरा लांबलचक लिहिते. पालदावाल्या दादांचं कोटेशनबद्दलचं खरं आहे पण ‘मागे लागूच नका’ हे नाही पटलं, मोटर बदलणं छोटं काम आहे, आख्खी भट्टी बदलायची तर लघु उद्योगाला स्वस्त कर्ज लागतंच.

सांवेररोडवाले, तुम्ही दोन गोष्टी एकत्र बांधल्यात त्या आधी सुट्या करा. नमकीनमध्ये खरा खर्च उष्णतेचा असतो, विजेवर फक्त मोटरी, पॅकिंग मशीन आणि दिवे. ३० किलोवॅट कशावरून ठरवलं? तुमचा मंजूर लोड किती, दिवसा किती चालतं, हे न बघता एवढा आकडा लिहिणारा विक्रेता छत मोजून आलाय, बिल बघून नाही.

फ्रायरचं म्हणाल तर एक कडू गोष्ट सांगते, तेवढ्याच उष्णतेसाठी लाकडापेक्षा पीएनजी महाग पडू शकतो. बचत होते ती दुसरीकडे. उघड्या भट्टीतली बरीच उष्णता धुराड्यातून आणि कढईच्या बाजूनं निघून जाते, ती वाचते. तेलाचं तापमान एका जागी राहतं म्हणून तेल लवकर काळं पडत नाही आणि घाणा करपत नाही, लाकूड रचायला-ओढायला माणूस लागत नाही. तेलाचा खर्च तुमच्याकडे इंधनापेक्षा किती तरी मोठा असेल, तेव्हा हिशेब तेलाचा करा. विक्रेत्याच्या कागदावर फक्त ‘इंधन बचत’ लिहिलेली असेल तर तो कागद निम्माच आहे.

आणि हो, एक नवी स्कीम कुणी सांगितली नाही, ऊर्जा दक्षता ब्यूरोची अडीटी. जुलै २०२५ मध्ये पानिपतला सुरू झाली, बजेट १००० कोटी, ऊर्जा वाचवणाऱ्या मशीनच्या कर्जावर सूक्ष्म-लघु उद्योगांना ५ टक्के आणि मध्यम उद्योगांना ३ टक्के व्याज सवलत. १४ क्षेत्रं घेतलीत त्यात खाद्य प्रक्रिया आहे, फाउंड्री आहे, फार्मा आहे, म्हणजे पीथमपूरवाल्यांनीही वाचावं. पहिल्या टप्प्यात ६० क्लस्टर (एकाच धंद्याच्या युनिटांचे पट्टे) आहेत, अर्ज करायच्या आधी त्या यादीत आपलं क्लस्टर शोधा. अट अशी की किमान १० टक्के ऊर्जा वाचली पाहिजे आणि ते ऑडिटमधून दिसलं पाहिजे. गिफ्टच्या २ टक्क्यांपुढे हे ५ टक्के केव्हाही भारी.

देपालपूरकर
काकांच्या पंपाबद्दल सांगतो. पूर्ण फुकट नाही पण जवळजवळ तसंच. कुसुम या सोलर पंपाच्या केंद्राच्या स्कीममध्ये मूळ हिशेब ३० टक्के केंद्र, ३० टक्के राज्य, ४० शेतकरी असा, पण आपल्या मध्य प्रदेशात शेतकऱ्यानं १० टक्के भरायचे, बाकीच्या हिश्श्याचं कर्ज निघतं आणि ते सरकार फेडतं. कर्ज निघतं मात्र शेतकऱ्याच्या नावावर, काकांना हे आधी माहीत असलेलं बरं, उद्या केसीसी (किसान क्रेडिट कार्ड) वाढवायला गेले आणि बँकेनं विचारलं तर तोंड वासून बसायला नको. अर्ज ऊर्जा विकास निगमच्या पोर्टलवर स्वतः करता येतो, एजंट कशाला.

पण काकांना पंप मिळेल का हाच प्रश्न आहे. आपला देपालपूर-सांवेर पट्टा भूजलाच्या जास्त उपशाच्या यादीत आहे, आणि कुसुमचा नियम असा की अशा ठिकाणी नवीन पंप देत नाहीत, असलेला डिझेल पंप बदलून मिळतो, तोही ड्रिप किंवा स्प्रिंकलर असेल तरच. मला स्वतःला हा नियम बरोबर वाटतो. दिवसभर फुकट पाणी ओढायला मिळालं की माणूस बटण बंद करत नाही, मग बोअर २०० फूट अजून खाली. म्हणून ड्रिप आधी घ्या, त्यावर ५ एकरांच्या आतल्या लहान शेतकऱ्याला ५५ टक्के अनुदान आहे, बाकीच्यांना ४५.

आणि बटाटा साठवायचा विचार असेल तर कृषी पायाभूत निधी बघा, २ कोटींपर्यंत ३ टक्के व्याज सवलत, ७ वर्षं. कोल्ड स्टोअर, ग्रेडिंग बसतं त्यात. नुसती चिप्सची फॅक्टरी टाकली तर नाही बसत.

निवृत्त_अध्यापक
तुमच्या चर्चेत थोडं विषयांतर करतो, क्षमस्व. ‘सरकारी पैशातून हिरवं तंत्र’ हे आपल्या इंदूरला नवीन नाही हो. १९२४ मध्ये सर अल्बर्ट हॉवर्ड यांनी इथे संशोधन संस्था काढली, जमीन होळकर दरबाराची, पैसा केंद्रीय कापूस समितीचा आणि माळव्या-राजपुतान्यातल्या संस्थानांचा. काम कापसाचं, पण जगात नाव झालं ते काडीकचरा आणि शेणापासून खत करण्याच्या ‘इंदूर पद्धती’चं. १९३५ मध्ये गांधीजी हिंदी साहित्य संमेलनासाठी आले तेव्हा तेही ती बघून गेले. आज तिथे कृषी महाविद्यालय आहे. आणि तिकडे देवगुराडियाला २०२२ पासून रोज ५५० टन ओल्या कचऱ्याची क्षमता असलेला बायो-सीएनजीचा प्लांट. महापालिकेनं जलूदच्या ६० मेगावॅट सोलरसाठी २०२३ मध्ये २४४ कोटींचे ग्रीन बाँड काढले, त्यात आम्हा पेन्शनरांनीही थोडे घातलेत. चालू द्या तुमचं.

सांवेररोडवाला
खूप खूप आभार सगळ्यांचे. दादाला ३ लाख ४ हजार विरुद्ध दीड लाख एवढंच दाखवलं, तो गप्प झाला, एजंटचा फोन आता उचलत नाही. सोलर बाजूला ठेवतोय, आधी फ्रायर. ताई, एक विचारायचं होतं, ऑडिट बँकेत जायच्या आधी की नंतर? आणि काय काय कागद लागतील?

ऑडिटवाली
आधी. बँकेला तोच कागद दाखवायचा असतो. वर्षभराची लाइट बिलं, तेलाची बिलं, महिन्याचं उत्पादन किलोमध्ये, आणि लाकडाच्या खरेदीची बिलं काढून ठेवा.

सांवेररोडवाला
लाकडाचं सगळं कच्चं आहे ताई, टालवाला (लाकूड विकणारा) चिठ्ठी देतो नुसती, ती पण कधी कधी.

रामबागचा_हिशेबनीस
हे ऐकून सीए लोकांना झोप लागत नाही 😄 पीएमएफएमई असो की अडीटी, बँक तुमची पुस्तकं बघणारच. टालवाल्याकडून या महिन्यापासून पक्कं बिल घ्या.

ऑडिटवाली
आणि बिल येईपर्यंत गेटवर वजनकाटा ठेवून रोजचं लाकूड वहीत लिहा, सोबत त्या दिवशी किती किलो शेव निघाली तेही. दोन-तीन महिन्यांची अशी वही असली की मला बेसलाइन (आत्ताचा वापर) धरता येते, नाहीतर १० टक्के बचत कशाच्या तुलनेत दाखवणार?