वरच्या खुर्चीचा पगार नेमका ठरवतो कोण?

पूर्वभागकर:
आपल्या सोलापूरकरांच्या गटात काल एका ज्येष्ठ सदस्यांनी लिहिले की, मोठ्या कंपन्यांच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांच्या पगारावर बोलणारे लोक केवळ मत्सरापोटी बोलतात, आणि ज्या गावाला आपल्या गिरण्या टिकवता आल्या नाहीत, त्या गावाने लाखो माणसांची कंपनी चालवणाऱ्याची मजुरी मोजू नये. हे वाक्य सोलापूरच्या पूर्व भागातल्या विणकर-कामगारांच्या घराघराला लागणारे आहे, म्हणून सविस्तर उत्तर देत आहे.

इन्फोसिसचे सीईओ सलिल पारेख यांना 2024-25 मध्ये 80.62 कोटी रुपये मिळाले. आदल्या वर्षी ही रक्कम 66.25 कोटी होती. त्याच क्षेत्रात नव्याने लागणाऱ्या अभियंत्याला वर्षाला साडेतीन लाखांच्या आसपास मिळतात आणि हा आकडा दहा वर्षांहून अधिक काळ जवळजवळ जागचा हललेला नाही. वरचा आणि खालचा यांत दोन हजार पटींहून अधिक अंतर पडले आहे.

अंतर असण्यालाच माझा विरोध आहे, असे कोणी समजू नये. माझे वडील यंत्रमागावर जॉबर होते आणि त्यांना विणकरांपेक्षा जास्त पैसे मिळत. धोटा अडकून ताण्याचे शेकडो धागे एकदम तुटले की विणकर हात बांधून उभा राही, कारण त्याची मजुरी मीटरवर असे. वडील मागाखाली शिरून आवाजावरून बिघाड ओळखत आणि माग सुरू करूनच बाहेर येत. त्यांना जास्त का मिळते, हे शेडमधल्या कांडी भरणाऱ्या बाईलाही सांगावे लागत नसे. सीईओच्या बाबतीत असे कोणाला दिसते?

तो पगार संचालक मंडळाची वेतन समिती ठरवते. तिच्यावर बहुधा स्वतंत्र संचालक असतात आणि त्यांतले बरेच जण इतर कंपन्यांच्या वरच्या खुर्च्यांवर बसलेले किंवा तिथून निवृत्त झालेले असतात. सल्लागार त्यांच्यासमोर तुल्य कंपन्यांच्या पगारांचा तक्ता ठेवतो. आपला माणूस त्या तक्त्यात मधल्या रेषेच्या खाली आहे, असे कोणत्याच मंडळाला म्हणवून घ्यायचे नसते. प्रत्येक जण आपल्या माणसाला रेषेच्या वर नेतो, म्हणून पुढच्या वर्षी रेषाच वर सरकते. यात कामाचे मोजमाप कुठे झाले?

आणि मत्सराचाच आरोप करायचा असेल, तर तो नारायण मूर्ती यांच्यावरही करावा लागेल. बहुतेक कर्मचाऱ्यांना 6 ते 8 टक्के वाढ देताना वरच्या एका अधिकाऱ्याला 60-70 टक्के वाढ देणे योग्य नाही, असे त्यांनी 2017 मध्ये स्वतः उभ्या केलेल्या इन्फोसिसबद्दल जाहीरपणे सांगितले होते.

लेखापाल_होटगीरोड:
आपण आकडा दिलात, पण त्याची फोड दिली नाहीत. त्या 80 कोटींपैकी निम्म्याहून अधिक रक्कम पूर्वी दिलेल्या शेअर्सची आहे. शेअरचा भाव वाढला म्हणून ती वाढली आणि तो भाव वाढण्याचा लाभ प्रत्येक लहान भागधारकालाही झाला. त्याच वर्षी कंपनीचा निव्वळ नफा 26,000 कोटींहून अधिक होता, म्हणजे सीईओचा वाटा शेकड्याला तीस पैशांच्या आसपास येतो. ही संपूर्ण रक्कम काढून घेऊन सव्वातीन लाखांच्या आसपास असलेल्या कर्मचाऱ्यांत वाटली, तर माणशी वर्षाला अडीच हजार रुपये येतील. नव्या मुलाचा पगार सीईओमुळे अडलेला नसून, त्या नोकरीसाठी अभियंत्यांचा पुरवठा मागणीपेक्षा कितीतरी अधिक असल्यामुळे अडलेला आहे.

कायद्याचेही बोलू. कंपनी कायदा 2013 च्या कलम 197 प्रमाणे एका व्यवस्थापकीय संचालकाला निव्वळ नफ्याच्या 5 टक्क्यांपर्यंत आणि सर्व संचालकांना मिळून 11 टक्क्यांपर्यंत देता येते. त्या 5 टक्क्यांपुढे जायचे असेल तर भागधारकांचा विशेष ठराव लागतो. आयशर मोटर्सच्या 2021 च्या सभेत व्यवस्थापकीय संचालक सिद्धार्थ लाल यांच्या फेरनियुक्तीचा ठराव वेतनाच्या मुद्द्यावरच 75 टक्के मते न मिळाल्यामुळे पडला आणि मंडळाला वेतनाची मर्यादा खाली आणावी लागली. व्यवस्था काम करते, याचा याहून स्पष्ट दाखला कोणता हवा?

गिरण्यांचे म्हणाल, तर माझे ठाम मत आहे की जुनी मिल, नरसिंग गिरजी आणि लक्ष्मी-विष्णू या आपल्या बंद पडलेल्या गिरण्यांना वेळेवर यंत्रसामग्री बदलणारा, मालकाला तोंडावर खरे सांगणारा आणि त्यासाठी बाजारभावाने पगार घेणारा व्यवस्थापक हवा होता. तो महाग पडला असता. न मिळाल्याची किंमत मात्र संपूर्ण शहराने मोजली.

निवृत्त_बँकवाला:
लेखापाल साहेब, बाजारभाव हा शब्द आपण फार सहज वापरलात. 2022-23 मध्ये स्टेट बँकेच्या अध्यक्षांना वर्षाला सुमारे 37 लाख रुपये मिळाले आणि त्या वर्षी बँकेचा नफा 50,000 कोटींच्या पुढे गेला. त्याच वर्षी एचडीएफसी बँकेच्या प्रमुखांना 10.55 कोटी मिळाले आणि तिचा नफा 44,000 कोटींच्या घरात होता. एकाच देशात, एकाच रिझर्व्ह बँकेच्या नियमांखाली आणि एकाच प्रकारच्या व्यवसायात दोन खुर्च्यांच्या पगारात जवळपास अठ्ठावीस पटींचा फरक असेल, तर यांतला बाजारभाव कोणता मानायचा?

लेखापाल_होटगीरोड:
अध्यक्षांचे मलबार हिलवरचे निवासस्थान आणि इतर सोयी त्या 37 लाखांत धरलेल्या नाहीत. शिवाय थकीत कर्जांमुळे सरकारी बँकांना करदात्यांच्या पैशांतून पुन्हा पुन्हा भांडवल द्यावे लागले, हा इतिहास फार जुना नाही. कमी पगाराने जबाबदारी येते, असे त्यातून तरी सिद्ध होत नाही.

निवृत्त_बँकवाला:
आणि जास्त पगाराने येते का? मार्च 2020 मध्ये येस बँक कोलमडली आणि ठेवीदारांना 50,000 रुपयांपुढे स्वतःचे पैसे काढता येईनात, तेव्हा तिच्यात भांडवल घालण्यासाठी सर्वांत पुढे उभी राहिली ती लाखांत पगार घेणाऱ्या अध्यक्षांची स्टेट बँकच. मी उभे आयुष्य काउंटरच्या आत काढले आहे. घाबरलेल्या ठेवीदाराचा चेहरा ताळेबंदात दिसत नाही.

माढ्याचा_ऊसकरी:
तुम्ही सगळे कोटींचा पगार घेणाऱ्यांवर बोलत आहात; मला एक रुपयाही पगार न घेणाऱ्यांवर बोलायचे आहे. आमच्या सहकारी कारखान्याच्या अध्यक्षांचे पद मानद होते आणि दर वार्षिक सभेत ते अभिमानाने सांगत की मी संस्थेचा चहासुद्धा घेत नाही. ऊस नियंत्रण आदेश 1966 प्रमाणे ऊस घातल्यापासून 14 दिवसांत एफआरपी, म्हणजे सरकारने ठरवलेला उसाचा किमान दर, मिळायला हवी आणि उशीर झाल्यास वर्षाला 15 टक्के व्याज मिळायला हवे. आम्हाला पुढचा गळीत हंगाम तोंडावर येईपर्यंत मुद्दल मिळाले नाही, व्याजाचे तर नावच काढू नका. त्याच काळात तोडणी-वाहतुकीचे ठेके कोणाला गेले, नोकरभरती कोणाच्या चिठ्ठीवर झाली आणि डिझेल कोणाच्या पंपावरून आले, हे तालुक्यात सर्वांना माहीत होते. जो माणूस उघडपणे पगार घेतो, त्याचा आकडा निदान अहवालात छापला जातो. बिनपगारी अध्यक्षाने संस्थेकडून काय घेतले, हे कोणत्या अहवालात शोधायचे?

पूर्वभागकर:
ऊसकरी काका, तुमचे दुःख खरे आहे, पण हा धागा मोठ्या कंपन्यांच्या वेतनाचा आहे. सहकाराची चर्चा इथे सुरू झाली, तर मूळ प्रश्न बाजूला पडेल.

माढ्याचा_ऊसकरी:
माझे बोलणे विषयाला धरूनच आहे. खुर्चीवरच्या माणसाला किती द्यावे, हाच तुमचा प्रश्न आहे ना? मग शून्य दिल्याने काय होते, हे सांगणारा माणूस तुम्हाला नको का? मुकेश अंबानी यांनी 2008-09 पासून आपला पगार 15 कोटींवर थांबवला आणि 2020-21 पासून तो घेतलेलाच नाही. पण मालकी त्यांची आहे आणि लाभांश त्यांना मिळतो, तेव्हा पगाराचा आकडा पाहून त्यांच्याविषयी काय समजणार? आमच्या अध्यक्षांकडे मालकी नव्हती, पगार नव्हता आणि तरीही सत्ता होती. सहकारी संस्था कायद्याच्या कलम 83 ची चौकशी लागली, कलम 88 खाली जबाबदारी निश्चित करण्याचे काम सुरू झाले, त्यात वर्षे गेली आणि दरम्यान तेच पॅनेल पुन्हा निवडून आले. मी त्या सभेत उभा राहून प्रश्न विचारला, तेव्हा माझ्या हातातला माईक बंद करण्यात आला.

लेखापाल_होटगीरोड:
ऊसकरी, आपण माझाच मुद्दा माझ्यापेक्षा चांगला मांडलात. मी काही सहकारी संस्थांच्या हिशोबतपासणीचे काम केले आहे आणि आपल्या वर्णनातला एकही तपशील मला नवा वाटला नाही.

निवृत्त_बँकवाला:
मी याला हरकत घेतो. याच जिल्ह्यात प्रामाणिकपणे पदरमोड करून संस्था चालवणारी माणसे होती आणि आहेत. त्यांच्या मानद कामाला चोरीचे दुसरे नाव ठरवू नका. तुमच्या कारखान्यात दोष पगार नसण्याचा नव्हता. विचारणाऱ्याचा माईक बंद करता येत होता, तो दोष होता.

हिंजवडीतला_सोलापूरकर:
आता मूळ विषयाकडे येतो. लेखापाल साहेबांनी वाटणीचे जे गणित मांडले, ते बरोबर असूनही दिशाभूल करणारे आहे. माझ्या कंपनीत, जिचे नाव मी घेणार नाही, तिमाही अपेक्षेइतकी चांगली गेली नाही म्हणून आमचा व्हेरिएबल, म्हणजे कामगिरीवर कमी-जास्त होणारा, पगार कापला गेला. घराचा हप्ता त्या रकमेवर धरलेला असल्यामुळे मला सोलापूरला वडिलांकडे हात पसरावा लागला. त्याच वर्षीच्या अहवालात वरच्या अधिकाऱ्याचे एकूण वेतन वाढलेले दिसले. तिमाही वाईट होती तर ती सर्वांसाठी वाईट असायला हवी होती. माणशी किती रुपये आले असते, हा हिशोब त्यानंतरचा आहे.

दुसरे असे की, सूचिबद्ध, म्हणजे शेअर बाजारात नोंदलेल्या, कंपन्यांना संचालकांचे वेतन आणि कर्मचाऱ्यांचे मध्यक वेतन (पगार क्रमाने लावल्यावर बरोबर मध्ये येणारे) यांचे गुणोत्तर संचालकांच्या अहवालात द्यावे लागते. पण तो मध्यक कंपनीच्या हजेरीपटावरच्या लोकांचा असतो. रात्री दोन वाजता आमच्यासाठी फाटक उघडणारा रखवालदार आणि मजला पुसणाऱ्या मावशी ठेकेदाराच्या पटावर असतात, म्हणून त्या गणितात त्या नसतातच. त्यांना धरले तर ते गुणोत्तर कुठे जाईल, याचा विचार करा.

लेखापाल_होटगीरोड:
ठेकेदाराचे कामगार हे ठेकेदाराचे कर्मचारी आहेत, हे कायद्याने स्पष्ट आहे. भावनेच्या भरात कायदा बदलत नाही. आणि स्पष्टच सांगायचे तर जोखीम वरचा माणूस घेतो; एक निर्णय चुकला तर त्याचे नाव देशभर खराब होते. खालच्या माणसाला तशी जोखीम नसते.

विडीघरकुलची_लेक:
खालच्या माणसाला जोखीम नसते, हे वाक्य वाचून मला राहवले नाही. माझ्या आईने आम्हा भावंडांना विड्या वळून शिकवले. मजुरी हजार विड्यांवर मिळायची. कारखान्यातून मोजून दिलेल्या पानांत सडकी, फाटकी पाने निघाली, तरी हजाराचा आकडा तिलाच पुरा करून द्यावा लागे आणि त्यासाठी ती पदरच्या पैशांनी पाने विकत आणी. संध्याकाळी माल द्यायला गेली की तपासणारा मूठभर विड्या बाजूला फेकून देई आणि त्यांची मजुरी बुडे. पान खराब निघण्याची, हात दुखण्याची आणि तपासणाऱ्याचा दिवस वाईट असण्याची, अशी सगळी जोखीम एकटी माझी आई उचलत होती. अपयशी ठरलेला सीईओ मात्र ठरलेली रक्कम घेऊन कंपनी सोडतो. साहेब, जोखीम कोण घेते, हे आपण आकड्यांतून सांगा. मी आईच्या बोटांवरून सांगते.

लेखापाल_होटगीरोड:
ताई, मी आपल्या आईंबद्दल एक शब्दही बोललेलो नाही. प्रत्येक चर्चेत गरिबी पुढे करून समोरच्याला गप्प बसवण्याची पद्धत मला मान्य नाही.

विडीघरकुलची_लेक:
मी गरिबी पुढे केलेली नाही. आपण जोखमीचा दावा केलात आणि मी त्याला उत्तर दिले आहे. त्या उत्तराचे उत्तर आपण अजून दिलेले नाही.

पूर्वभागकर:
ताईंचा प्रश्न योग्य जागी आहे. यश मिळाले की वाटा घ्यायचा आणि अपयश आले तरी ठरलेले घ्यायचे, याला जोखीम म्हणता येणार नाही. लेखापाल साहेब, आयशरचा दाखला मी मान्य करतो. तिथे भागधारकांनी अडवले आणि चांगले केले. पण नफ्याच्या 5 टक्क्यांची मर्यादा 26,000 कोटींच्या नफ्याला लावली, तर ती 1,300 कोटी होते. इतक्या उंचीवर टांगलेली मर्यादा मोठ्या कंपनीत कोणालाही अडवणार नाही.

निवृत्त_बँकवाला:
यावर एक चाललेला मार्ग आहे. रिझर्व्ह बँकेने 2019 मध्ये खासगी बँकांच्या प्रमुखांसाठी नियम केले. एकूण वेतनाचा किमान अर्धा भाग कामगिरीशी बांधलेला असावा, त्यातला मोठा हिस्सा एकदम न देता किमान तीन वर्षांत विभागून द्यावा आणि पुढे गैरप्रकार उघड झाले, तर न दिलेली रक्कम रोखण्याची आणि दिलेली परत घेण्याची तरतूद करारातच असावी. हे बँकांना चालते, तर मोठ्या सूचिबद्ध कंपन्यांना का चालू नये?

लेखापाल_होटगीरोड:
आकड्यावर सरकारने मर्यादा घालावी, हे मला आजही मान्य नाही आणि उद्याही नसेल. रक्कम परत घेण्याच्या तरतुदीला मात्र मी विरोध करणार नाही. चुकीच्या हिशोबावर घेतलेला पैसा परत करावा, हे लेखापाल म्हणून मला नाकारता येत नाही. पाने खराब निघाल्याचा भुर्दंड कामगाराने सोसू नये, हेही मी मान्य करतो, यापुढे काही नाही.

हिंजवडीतला_सोलापूरकर:
मग त्याच नियमात एवढे जोडा की, ज्या वर्षी कर्मचाऱ्यांचा व्हेरिएबल कापला जाईल, त्या वर्षी वरचाही त्याच टक्क्याने कापावा.

माढ्याचा_ऊसकरी:
आणि परत घेण्याचा नियम करणारच असाल, तर तो सहकारी कारखान्यांनाही लावा. आमच्या अध्यक्षांनी पगार घेतलेला नाही, म्हणून त्यांच्याकडून काय परत घ्यायचे, असे कोणी विचारले, तर 15 टक्के व्याजाचा हिशोब माझ्या वहीत तयार आहे.