अनुभव धागा: पेजवाला टिकत नाही, आणि पेजवर विश्वासही बसत नाही

कोकणात आता होमस्टे, आंबेवाला, काजू फॅक्टरी सगळ्यांचं ‘पेज’ असतं. ते चालवणारा माणूस मात्र सीझनगणिक बदलतो. मी रत्नागिरीत जाहिरातीचं काम करतो आणि माझं मत आधीच सांगून टाकतो: सोशल मीडियानं धंदा होतो की नाही, हे कळायच्या आतच माणूस सोडून गेलेला असतो. आंबा वर्षातून एकदाच येतो. दिवाळीनंतर लागलेली मुलगी पावसाळ्यात गेली, तर तिनं एकच सीझन बघितला. तुलना करणार कशाशी? मग नवीन येणारा पुन्हा शून्यापासून ‘ब्रँडिंग’ करतो. नोकरी केलेले, सोडलेले, माणूस ठेवून कंटाळलेले, सगळ्यांनी लिहा. कंपन्यांची नावं नकोत.

देवगड, बागायतदार
आमच्या पेटी भरण्याच्या रीलला तुफान व्ह्यूज आले. फोनही आले, पण निम्मे जिथं आमचं पार्सल पोचतच नाही तिथून. उरलेले ‘डझन कितीला?’ विचारून गप्प. बाबा त्या दिवसांत रोज विचारायचे, ‘ह्या लाइकांनी आंबो खपतलो काय रे?’ खपला तो पुण्याच्या जुन्याच गिऱ्हाइकांना, व्हॉट्सॲपवरून. एका व्हिडिओचा मात्र खरा उपयोग झाला. त्यात नटणंमुरडणं काही नव्हतं, पिकलेली फळं कापून आत साका (गरात होणारा पांढरट, बेचव भाग) नाही एवढंच दाखवलं होतं. 2018 साली हापूसला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळाल्यापासून लोक ‘खरा देवगड कशावरून?’ असं विचारतात, कारण कर्नाटकचा आंबा देवगड म्हणून खपवला जातो हे आता सगळ्यांना ठाऊक आहे. तो कापाकापीचा व्हिडिओ काढणारा मुलगा पुढच्या वर्षी मुंबईला गेला. नवीन आलेल्यानं ड्रोन उडवला. बाग वरून छान दिसते.

कुडाळ, आता पुण्यात
मी एजन्सीत होते. जाहिरातीत लिहिलं होतं ‘कंटेंट रायटर’. पहिल्याच आठवड्यात पोस्टर, व्हिडिओ, बूस्ट (पैसे भरून पोस्ट जास्त लोकांना दाखवणं), कमेंटला उत्तरं आणि साहेबांच्या वाढदिवसाचा बॅनर, सगळं माझ्याकडे आलं. हॉटेल, दागिन्यांचं दुकान, क्लासेस, सगळ्यांची पेजेस एकाच मोबाइलवर. संकष्टीची पोस्ट चुकून दातांच्या दवाखान्याच्या पेजवर गेली, तर तिथंच सगळ्यात जास्त लाइक्स! महिनाअखेरीला रिपोर्टात रीच, म्हणजे पोस्ट किती जणांपर्यंत पोचली तो आकडा, वर गेलेला दिसला पाहिजे, बस्स. दुकानात गिऱ्हाईक वाढलं का, हे मी एकदा मालकांना विचारलं, तर एजन्सीवाले माझ्यावरच चिडले. आमच्यात वर्षभर टिकलेली व्यक्ती म्हणजे फक्त चहावाल्या काकू.

तारकर्ली, होमस्टे
आमच्या मुलानं पेज स्वतःच्या अकाउंटवरून उघडलं होतं. तो गोव्याला गेला, नंबर बदलला, आणि ओटीपी जातो त्या बंद नंबरावर. ऐन दिवाळीच्या सुट्टीत पाहुणे पेजवर मेसेज टाकत होते आणि आम्हाला पत्ता नाही. दोघांनी ‘उद्धट लोक, उत्तरच देत नाहीत’ असं लिहूनही ठेवलं. शेवटी गुगल मॅपवरची माहिती नीट केली. मालवण स्टँडवर उतरलेला माणूस रील बघत बसत नाही, जवळची खोली शोधतो.

गुहागर
थोडक्यात: बूस्ट चालू तोवर भरती, बंद केलं की ओहोटी.

धागाकर्ता
माझ्याकडून दोन गोष्टी. 2016 साली फेसबुकनं स्वतःच कबूल केलं होतं की व्हिडिओ सरासरी किती वेळ बघितला जातो, तो आकडा ते फुगवून दाखवत होते. तीन सेकंदांच्या आत सोडून गेलेल्यांना त्यांनी हिशेबात धरलंच नव्हतं. आणि 2017 मध्ये पी अँड जी या घरगुती वस्तूंच्या बड्या अमेरिकन कंपनीनं एका तिमाहीत 10 कोटी डॉलरहून जास्त डिजिटल जाहिरात कापली, तरी विक्रीवर फरक दिसला नाही. हे दुसरं उदाहरण आमच्या व्यवसायात सगळे फेकतात, पण जपून. त्यांची कपडे धुण्याची पावडर वाडीवाडीतल्या दुकानात आधीच आहे. वेळणेश्वरच्या नवीन होमस्टेचं नाव कोणालाच माहीत नसतं, त्यानं सगळंच बंद करून कसं चालेल?

हर्णे, खानावळ आणि चार खोल्या
मी उलट बाजूनं लिहिते. आमची मुलगी टिकून आहे. तिला मी फॉलोअर्स विचारत नाही. फोनशेजारी वही ठेवलीय. येणाऱ्या प्रत्येकाला ‘आमच्याबद्दल कुठून कळलं?’ विचारायचं आणि लिहायचं. ‘आधी येऊन गेलेल्यांनी सांगितलं’ हे सगळ्यात जास्त, मग मॅप, मग इन्स्टा. इन्स्टावरून येणारे एक रात्र राहतात आणि ताट गार होईपर्यंत फोटो काढतात. पण जून-जुलैत, मासेमारी बंद आणि खोल्या रिकाम्या असतात तेव्हा, तिनं पावसाचे आणि हिरव्या डोंगरांचे व्हिडिओ टाकले. त्या महिन्यांत आलेली मंडळी बहुतेक इन्स्टावरचीच, हेही वहीतच दिसतं. म्हणून मी पेज बंद करत नाही. ती टिकली ते माझ्या वहीमुळे, असं म्हणायला मला आवडेल. पण तिचं घर बाजूच्याच वाडीत आहे आणि दापोलीला नोकरी धरली तर संध्याकाळची परतीची एसटी मिळत नाही.