मदत हवी आहे: ड्रायरच्या तिन्ही हीटर बँका एकदम लागतात, लॅडरमध्ये (कंट्रोल वायरिंगच्या आकृतीत) काय चुकलंय?

टेरीटॉवेल
अक्कलकोट रोड एमआयडीसी, टॉवेल वाळवायचा हॉट एअर ड्रायर. हीटरच्या तीन बँका (एलिमेंटचे गट), त्यांचे कॉन्टॅक्टर (कॉइलने ओढले जाणारे स्विच) के१, के२, के३. एकामागून एक लागाव्यात म्हणून दोन ऑन-डिले टायमर (फेज मिळाल्यावर ठरलेल्या वेळाने लागणारे), टी२ आणि टी३, टाकलेत. सकाळी चालू करताना बरोबर लागतात. दुपारी मात्र तिन्ही धाडकन एकदम, आणि डीजीवर (डिझेल जनरेटरवर) असलो की कॉन्टॅक्टर घरघरतात. टायमर दोनदा बदलले. उद्या माल द्यायचाय. लॅडर कसा हवा, लवकर सांगा.

पॅनेलवाला
बँक किती किलोवॅटची? कंट्रोल व्होल्टेज किती? थर्मोस्टॅट एक की तीन? आणि टायमरच्या ए१ला (सप्लाय घेणाऱ्या टर्मिनलला) फेज कुठून घेतलाय?

लूमलाइन
कपॅसिटर पॅनेल बघून घ्या मालक. पॉवर फॅक्टर पडला की डीजीवर असंच होतं.

तीनफेज
हीटर रेझिस्टिव्ह लोड आहे, त्याचा पॉवर फॅक्टर एकच्या जवळच असतो. कपॅसिटरचा इथे काही संबंध नाही.

टेरीटॉवेल
प्रत्येकी ९ किलोवॅट, थ्री फेज. कंट्रोल २३० व्होल्ट. टेम्परेचर कंट्रोलर तीन, तिन्ही ११० अंशांवर. ए१ला फेज नेहमीसारखाच, कंट्रोल एमसीबीच्या खालून. १५-१८ कॉन्टॅक्टच (वेळ संपल्यावर क्लोज होणारा) वापरलाय, ते तपासलंय. टी२ २० सेकंद, टी३ ४०.

पीएलसीवाला
एवढ्या वायरिंगपेक्षा छोटा पीएलसी (प्रोग्राम करता येणारा कंट्रोलर) टाका. आठ इनपुट, सहा रिले आउटपुट पुरेल. वेळ बदलायची तर स्क्रू ड्रायव्हरही लागत नाही.

पॅनेलवाला
पीएलसीत हाच लॅडर लिहिला तर तिथेही तिन्ही एकदमच लागतील. चूक टायमरच्या फेजमध्ये आहे.

टेरीटॉवेल, एमसीबी टाकल्या टाकल्या तुमचे दोन्ही टायमर मोजायला लागतात. ४० सेकंदांत दोन्ही १५-१८ क्लोज होतात आणि पॅनेल बंद करेपर्यंत तसेच राहतात. म्हणून सकाळी बरोबर. त्यानंतर दिवसभर टायमर म्हणजे नुसती सरळ वायर. ट्रॉली बदलायला दार उघडलं, तापमान पडलं, तिन्ही कंट्रोलर ११०वरच, तिघांनी एकदम मागणी केली. ४१५ व्होल्टला एक बँक साडेबारा अँपिअर घेते, तिन्ही मिळून साडेसदतीस. एवढा लोड एका झटक्यात पडला की डीजीचं व्होल्टेज बसतं. कॉइलला ओढून घ्यायला साधारण ८५ टक्के व्होल्टेज लागतं, तेवढं मिळालं नाही की घरघर.

असं जोडा:
पहिली ओळ: फेज, कंट्रोलर १, के१ची कॉइल. के१च्या ए१वरूनच टी२च्या ए१ला वायर.
दुसरी: फेज, कंट्रोलर २, टी२चा १५-१८, के२ची कॉइल. के२च्या ए१वरून टी३च्या ए१ला.
तिसरी: फेज, कंट्रोलर ३, टी३चा १५-१८, के३ची कॉइल.

टी३ आता ४०वर नको, २०वर आणा, कारण तो के२ लागल्यावरच मोजायला लागणार. सेटिंग ११०, १०७, १०४, हिस्टेरिसिस (बंद होणं आणि परत लागणं यांतला फरक) २. क्रम उलटा करू नका. के१ सर्वांत शेवटी सुटायला हवा, तो आधी सुटला तर त्याच्यामागे अख्खी साखळी सुटते.

तीनफेज
ए१वरून नको, के१च्या १३-१४मधून (कॉन्टॅक्टर ओढला गेला की क्लोज होणाऱ्या ऑक्झिलरी कॉन्टॅक्टमधून) फेज द्या. कॉइल जळालेली असली तरी ए१वर फेज असतोच. के१ खरंच ओढला गेला हे ऑक्झिलरीच सांगतो.

पॅनेलवाला
आणि के१ची कॉइल जळाली की तिन्ही बँका बंद, ड्रायर थंड. ए१वरून घेतलं तर दोन बँकांवर काम चालू राहतं.

तीनफेज
चालू राहतं आणि कुणाला कळत नाही. माल ओला निघतो तेव्हा शोध सुरू होतो. असो, ज्याची त्याची निवड. पण ब्लोअरचा इंटरलॉक कुठे आहे? हवा नसताना हीटर लागले तर?

टेरीटॉवेल
ते आहे की. ब्लोअर कॉन्टॅक्टरचा १३-१४ तिन्ही ओळींच्या आधी सिरीजमध्ये.

तीनफेज
त्यावरून फक्त मोटर चालू आहे एवढंच कळतं. बेल्ट तुटला तरी तो कॉन्टॅक्ट क्लोजच राहतो. डीपी स्विच (हवेच्या दाबातल्या फरकावर चालणारा) हवा.

लूमलाइन
डीपी स्विच फिल्टरच्या दोन बाजूंना बसवा, सोपं पडतं.

तीनफेज
नाही ओ! फिल्टर लिंटने (टॉवेलच्या बारीक तंतूंनी) भरला की त्याच्या दोन बाजूंमधला दाबाचा फरक वाढतो. म्हणजे हवा अडलेली असताना स्विच म्हणणार हवा आहे. ब्लोअरच्या दोन बाजूंना घेतलं तरी हाच धोका. स्विचच्या नळ्या हीटर बँकेच्या आधी आणि नंतर घ्या, तिथे हवा कमी झाली की फरक कमी होतो. फरक फारच कमी भरला तर डक्टमध्ये पातं असलेला सेल स्विच. हीटर बंद ठेवून डँपर (हवेची झडप) हळूहळू मिटा आणि स्विच कुठे सुटतो ते पाहून सेटिंग करा. टॉवेलचं लिंट त्या ६ मिलिमीटरच्या नळीत जाऊन बसतं, दर आठवड्याला फुंकून घ्या.

पॅनेलवाला
याबाबत तीनफेज यांचं शंभर टक्के बरोबर. आणखी एक, हाय-लिमिट थर्मोस्टॅट (तापमान फार वाढलं की तोडणारा) आहे का, हाताने रीसेट करायचा?

टेरीटॉवेल
आहे, १४०चा. के१, के२, के३च्या कॉइलच्या सिरीजमध्ये.

पॅनेलवाला
के३चे मेन कॉन्टॅक्ट वेल्ड झाले (चिकटून बसले) तर कॉइलचा फेज तोडून काय होणार? तिन्ही बँकांच्या आधी वेगळा के४ टाका, एसी-१ (हीटरसारख्या लोडसाठीचं) रेटिंग ५० अँपिअर किंवा जास्त. एसी-३चा आकडा बघून घेऊ नका, तो मोटरसाठी. हाय-लिमिट आणि डीपी स्विच के४च्या कॉइलला जोडा, आणि के४चा १३-१४ तिन्ही ओळींच्या आधी. पीएलसी टाकलात तरी ही ओळ त्यातून न्यायची नाही, सरळ तारेनेच.

पीएलसीवाला
हाय-लिमिट तारेनेच, हे मान्य.

सोलरमित्र
छतावर सोलर एअर हीटर बसवा, सोलापूरच्या उन्हात विजेचा खर्च बराच वाचेल.

टेरीटॉवेल
सोलर नंतर बघू. ए१वरून वायर घेतली, तूर्तास तेच. ऑक्झिलरी ब्लॉक मिळाला की १३-१४वर नेतो. सेटिंगही बदलली. दार उघडून पाहिलं, अँपिअर मीटर १२, मग २५, मग ३७. डीजीवरही घरघर नाही. के४ आणि डीपी स्विच माल गेला की रविवारी. ड्रायर बंद करताना ब्लोअर लगेच बंद केला तर चालतं का?

तीनफेज
नाही. ऑफ-डिले टायमरने ५ मिनिटं चालू राहू द्या, नाहीतर एलिमेंटची उरलेली उष्णता तिथेच कोंडते आणि हाय-लिमिट पडतो. इमर्जन्सी स्टॉपने मात्र ब्लोअरही त्याच क्षणी बंद झाला पाहिजे. लिंटने पेट घेतला असेल तर ब्लोअर त्याला वारा घालतो.