‘सेट’ हा शब्द तुमच्याकडे कशाकशासाठी वापरतात? (अनुभव धागा)

मला फार आवडणारा इंग्रजी शब्द म्हणजे सेट. ऑक्सफर्डच्या मोठ्या डिक्शनरीची 1989 ची आवृत्ती आहे ना, त्यात सगळ्यात लांबलचक नोंद याच शब्दाची होती, नुसत्या क्रियापदाचे 430 च्या आसपास अर्थ. नंतर रन या शब्दाने 645 अर्थांनिशी त्याला मागे टाकलं, पण आपल्या बोलण्यात सेट जेवढा मुरलाय तेवढा रन नाही. कपांचा सेट, अलार्म सेट करणं, नाटकाचा सेट हे सगळ्यांना माहितीये, ते सोडा. तुमच्या कामात, खेळात हा शब्द नेमका कशासाठी येतो आणि तिथे प्रत्यक्षात काय घडत असतं ते लिहा.

*

बांधकामावर असतो, आमच्याकडे दिवसभर हाच शब्द. माल सेट झाला का, सेट व्हायच्या आत उरका. बरेच लोक याला सिमेंट वाळलं म्हणतात आणि तिथे मला राहवत नाही, कारण ते वाळत नसतं, पाण्याशी त्याची रासायनिक क्रिया होऊन ते धरतं, म्हणून तर पाण्याखालीसुद्धा काँक्रीट सेट होतं आणि म्हणूनच स्लॅबवर नंतर इतके दिवस पाणी मारायचं असतं. लॅबमध्ये व्हिकॅटची सुई असते, साधारण मिलिमीटरभर जाड, 300 ग्रॅम वजनाखाली ती सिमेंटच्या लगद्यात सोडतात, किती आत जाते त्यावरून सेटिंग सुरू झालं की नाही ते कळतं. आणि सेट होणं वेगळं, ताकद येणं वेगळं! सेट काही तासांत होतं, ताकद मात्र 28 दिवसांच्या टेस्टवर बघतात. हा फरक नवीन पोरांना मी पहिल्याच दिवशी सांगतो, कारण पाय रुतत नाही म्हणजे झालं असं समजून लोक शटरिंग, म्हणजे काँक्रीटखालचा आधाराचा साचा, काढायची घाई करतात.

*

नर्स आहे. वॉर्डमध्ये ‘सेट दे गं’ म्हटलं की सलाइनची नळी. त्यातही मॅक्रो आणि मायक्रो. मायक्रोमध्ये 60 थेंबांचा एक मिली होतो, मॅक्रोमध्ये बहुतेक वेळा 20, कंपनीप्रमाणे 10 किंवा 15 पण असतो, म्हणून पाकिटावर बघूनच थेंब मोजायचे. सेट बदलला आणि थेंब तेवढेच ठेवले तर औषध तिप्पट जाऊ शकतं किंवा तिसरा हिस्साच जाईल. ड्रेसिंगचा सेट वेगळा, आणि हाड सेट केलं हे ऑर्थोवाले म्हणतात ते आणखी वेगळं. समोर कोण बोलतंय त्यावरून बरोबर कळतं.

*

व्हॉलीबॉल! एकाच खेळात दोन अर्थ. सेट 25 पॉइंटचा, पाचवा 15 चा, दोन्हीकडे दोनची आघाडी लागतेच. आणि दुसऱ्या टचला बॉल उचलून स्मॅशरला देतात तोही सेट, देणारा सेटर. मी सेटरच खेळतो. टाळ्या स्मॅशरला मिळतात पण बॉल नेटपासून किती लांब, किती उंच ठेवायचा हे सगळं सेटरच्या बोटांत असतं. चांगला सेट म्हणजे स्मॅशरला पावलं बदलावी लागत नाहीत.

*

टेनिसवाल्यांतर्फे मी लिहिते. 2010 चं विम्बल्डन, इस्नर आणि माहू, पाचवा सेट 70-68. मॅच तीन दिवस चालली, त्यातला हा एकच सेट 8 तास 11 मिनिटांचा. तेव्हा तिथे शेवटच्या सेटला टायब्रेक, म्हणजे बरोबरी झाली की थोड्या पॉइंटांवर सेट निकाली काढणारा गेम, नव्हता. 2022 पासून चारही ग्रँडस्लॅममध्ये शेवटच्या सेटला 6-6 झाल्यावर 10 पॉइंटचा टायब्रेक आहे, त्यामुळे तसा सेट आता होणं शक्य नाही, आणि मला याचं खरंच वाईट वाटतं.

*

धागा आवडला. पण एक विचारायचंय, कपांचा सेट आणि काँक्रीट सेट होणं यांचा एकमेकांशी संबंध काय? एकच शब्द आहे का हा?

*

वरच्या प्रश्नाला उत्तर: मुळात दोन वेगळे शब्द आहेत. क्रियापद जुन्या इंग्रजीतलं, सिट म्हणजे बसणे, त्याचं करायला लावणारं रूप सेट, म्हणजे बसवणे. समूह या अर्थाचा सेट मात्र जुन्या फ्रेंचमधून आला, त्याचं मूळ लॅटिन सेक्टा, आणि पुढे दोन्ही एकमेकांत मिसळले. आपलं बसवणे पण बघा ना, अंगठीत खडा बसवतो, नाटक बसवतो, चाल बसवतो, हाडही बसवतात. यातल्या बऱ्याच ठिकाणी इंग्रजीत सेट चालतं.

*

गणित शिकवते. गणितज्ञ कँटरने 1874 पासून जो विषय उभा केला त्यातला सेट, आपल्या पुस्तकात संच. मुलांना हमखास अडतं ते हे, की घरी सहा सारखे कप म्हणजे सेट आणि इथे तोच घटक सहा वेळा लिहिला तरी तो एकच धरायचा. आणि रिक्त संच! काहीच नसलेलाही संच असतो हे पटलं की पोरांच्या चेहऱ्यावर जे येतं त्यासाठी मी दरवर्षी तो तास राखून ठेवते.

*

जेली. ताजं अननस घातलं तर जिलेटिनची जेली सेट होतच नाही, अननसातलं एन्झाइम जिलेटिन तोडतं. डब्यातलं चालतं कारण ते गरम केलेलं असतं.

*

अकाउंट्स: तोटा नफ्यातून वजा करणं म्हणजे सेट ऑफ. उरलेला तोटा पुढच्या वर्षी.

*

सुतारकामातला कोणीच लिहिला नाही म्हणून लिहितो. करवतीला सेट देणं, म्हणजे दात एकाआड एक डावीकडे उजवीकडे जरासे वाकवायचे, म्हणजे चीर पात्यापेक्षा रुंद पडते आणि पातं लाकडात अडकत नाही. ओल्या लाकडाला सेट जास्त लागतो, कोरड्या कडक लाकडाला कमी. आणि एका बाजूचे दात जास्त वाकले तर करवत रेघ सोडून त्याच बाजूला ओढते, त्यामुळे काप वाकडा येत असेल तर हाताला दोष द्यायच्या आधी सेट तपासा.